कोल्हापूरची पुढची तीस वर्षे: सधन जिल्ह्याच्या वाढीचे एक प्रकरण

कोल्हापूरच्या आर्थिक भवितव्याची चर्चा निघाली की दोन टोकाची मते ऐकू येतात. ऊस आहे, दूध आहे, फाउंड्री म्हणजे धातूच्या ओतकामाचा धंदा आहे, दरडोई उत्पन्नात जिल्हा राज्यात वरच्या रांगेत आहे, मग काळजी कसली, असे काहीजण म्हणतात. दुसरे म्हणतात, पोरं पुण्याला गेली, कारखानदार कर्नाटकाकडे बघतोय, शहराची हद्दवाढ होईना, आता इथे काय राहिलंय? मला दोन्ही म्हणणी खरी वाटतात, आणि म्हणूनच हे प्रकरण अभ्यासण्यासारखे आहे. जिल्हा गरीब नाही, तरी शिकलेला माणूस इथे थांबत नाही. असे का होते, आणि ते बदलू शकते का, एवढेच इथे तपासायचे आहे.

आधी आकडा बघू. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ३५ लाख २३ हजार होती, २०११ मध्ये ३८ लाख ७६ हजार. दहा वर्षांत वाढ १० टक्के. याच दशकात महाराष्ट्र १६ टक्क्यांनी वाढला आणि पुणे जिल्हा ३० टक्क्यांनी. घाटाखाली रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची लोकसंख्या चक्क घटली. म्हणजे कोल्हापूर कोकणासारखे रिकामे झाले नाही, पण पुण्यासारखे माणसे ओढणारेही ठरले नाही. जन्मदर कमी आहे हा यातला एक भाग. उरलेला भाग कुणाला बघायचा असेल, तर त्याने शुक्रवारी रात्री पुण्याहून कोल्हापूरला येणाऱ्या गाड्यांची गर्दी बघावी आणि रविवारी रात्री परत जाणाऱ्यांची.

पाण्यापासून भट्टीपर्यंत

आजची सुबत्ता आली कुठून हे नीट समजल्याशिवाय पुढचे काही सांगता येत नाही. म्हणून इथे जरा थांबतो.

१८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाली. १८९५ मध्ये शाहू महाराजांनी शाहूपुरीची बाजारपेठ वसवली आणि गुळाच्या व्यापाराला ठाव मिळाला. १९०६ मध्ये शाहू मिल उभी राहिली. १९०२ मध्ये संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखल्या गेल्या, गावोगावच्या मुलांसाठी बोर्डिंगे निघाली, १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करण्याचा निर्णय झाला. राधानगरीच्या धरणाचे काम महाराजांनीच सुरू केले. पैशाअभावी ते मध्येच थांबले आणि पूर्ण व्हायला १९५० चे दशक उजाडले. या सगळ्याकडे आपण समाजसुधारणा म्हणून बघतो आणि ते बरोबरच आहे. पण अर्थशास्त्राच्या नजरेने बघितले तर एका छोट्या संस्थानाने रेल्वे, बाजार, पाणी आणि शिक्षण या चारही गोष्टींत एकाच पिढीत गुंतवणूक केली होती, आणि तिचे फळ पुढच्या दोन पिढ्यांनी खाल्ले.

राधानगरीचे पाणी कालव्याने फारसे गेले नाही. ते भोगावतीच्या आणि पंचगंगेच्या पात्रातूनच खाली सोडले गेले आणि वाटेत बंधारे घालून अडवले गेले. दगडी खांब आणि त्यांच्या खाचांत बसवलेले बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या आडव्या फळ्या. पावसाळ्याआधी बरगे काढायचे, पुराचे पाणी बिनबोभाट जाऊ द्यायचे, पावसाळा सरला की पुन्हा घालायचे. हाच तो कोल्हापूर पद्धतीचा बंधारा, जो पुढे राज्यभर गेला. पण पाणी पात्रात आणि शेत वरच्या अंगाला, म्हणजे ते उचलावे लागणार. उचलायला ऑइल इंजिन आणि पंप हवा. इंजिन परगावचे, बिघडले की दुरुस्त करणारा इथलाच हवा. म्हादबा मेस्त्रींसारख्या कारागिरांनी दुरुस्तीतून यंत्र ओळखले आणि मग इंजिने इथेच घडू लागली. इंजिन घडवायचे म्हणजे बिडाचे, म्हणजे कास्ट आयर्नचे, ओतकाम आले, साच्यासाठी लाकडी पॅटर्न करणारा सुतार आला, लेथवर बसणारा पोरगा आला. त्यातून उद्यमनगर वसले, पुढे शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहती झाल्या, नंतर कागल-हातकणंगलेची.

बाजूने दुसरी साखळी वाढत होती. पाणी आले म्हणून ऊस आला, ऊस आला म्हणून सहकारी कारखाने आले. रत्नाप्पाण्णा कुंभारांचा पंचगंगा कारखाना, तात्यासाहेब कोरेंचा वारणा, आणि मग जवळजवळ प्रत्येक नदीच्या खोऱ्यात एकेक. १९६३ मध्ये जिल्हा दूध संघ स्थापन झाला, तोच गोकुळ. दुधाचे महत्त्व मला उसापेक्षा थोडे जास्तच वाटते. उसाचे बिल हंगामात एकदा, फार तर हप्त्याहप्त्याने येते. दुधाचे बिल दर दहा दिवसांनी येते आणि दिवाळीच्या तोंडावर दरफरक हातात पडतो. दोन म्हशींवर पोराची फी भरणारी, बचत गटाचा हप्ता चुकू न देणारी बाई कोल्हापूरच्या कुठल्याही गावात भेटेल. जिल्ह्याच्या बाजारपेठेला वर्षभर जी धुगधुगी असते ती या दहा दिवसांच्या पैशामुळे.

इथपर्यंतची वाढ बाहेरून आणून बसवलेल्या मोठ्या प्रकल्पाची नव्हती. प्रत्येक टप्प्याची गरज आधीच्या टप्प्याने निर्माण केली, आणि त्या गरजेचा पहिला गिऱ्हाईक याच जिल्ह्यातला शेतकरी होता.

साखळी कुठे अडली

आज फाउंड्रीचा गिऱ्हाईक बदलला आहे. जिल्ह्यात शेकडो फाउंड्र्या आहेत आणि त्यांतले बहुतेक काम ट्रॅक्टर, मोटार, ट्रक, इंजिन आणि पंप करणाऱ्या बाहेरच्या कंपन्यांचे. हा बदल चांगलाच होता. गुणवत्ता वाढली, निर्यात होऊ लागली, कोकवर चालणाऱ्या कुपोला भट्ट्या जाऊन विजेच्या इंडक्शन फर्नेस आल्या. पण एक गोष्ट हातातून सुटली. वस्तूचे डिझाइन गिऱ्हाइकाकडे गेले आणि आपल्याकडे वजन राहिले.

एखाद्या मध्यम फाउंड्रीत जाऊन उभे राहिले की हे डोळ्यांना दिसते. एका बाजूला भंगार आणि पिग आयर्नचा, म्हणजे कच्च्या लोखंडाचा, ढीग, दुसरीकडे वाळूचा. मोल्डिंगच्या लाइनवर साचे सरकत असतात, साच्यातली पोकळी राखणारे वाळूचे कोअर बसवणारी माणसे मान वर करत नाहीत. भट्टीतून रस लॅडलमध्ये आला की तो साच्यात पडेपर्यंतची मिनिटे महत्त्वाची, कारण तापमान उतरले तर माल रिजेक्ट. पुढे शेकआउट म्हणजे साचा फोडून माल काढणे, फेटलिंग म्हणजे जास्तीचे धातू घासून काढणे, आणि शॉट ब्लास्टिंग म्हणजे बारीक छर्ऱ्यांच्या माऱ्याने सफाई. फेटलिंगच्या ग्राइंडरवर दिवसभर धुळीत उभा राहणारा मजूर बहुतेक वेळा उत्तर प्रदेश, बिहार किंवा ओडिशाचा असतो. आणि एवढ्या कष्टाचा माल शेवटी किलोच्या दराने विकला जातो. तेच कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, मशीनिंग करून, तपासून, जोडणीला तयार करून दिले तर किंमत कितीतरी वाढते. काहीजण ते करतातही. पण वस्तू आपली, नाव आपले, डिझाइन आपले, असे म्हणणारे कारखाने बोटावर मोजण्याइतके.

यात भर पडली आहे विजेच्या गाड्यांची. सिलिंडर ब्लॉक, हेड, फ्लायव्हील, मॅनिफोल्ड ही इंजिनाची कामे. गाडीतून इंजिनच गेले तर ही कामे जातात. ट्रॅक्टर आणि अवजड वाहनांत हा बदल सावकाश होईल, पण तीस वर्षांचा विचार करायचा तर तो होणार असे धरूनच चालले पाहिजे. ब्रेक, सस्पेन्शन, पंप, व्हॉल्व्ह, पवनचक्क्या, शेतीची यंत्रे यांना ओतकाम लागतच राहील. ज्याने गेल्या दहा वर्षांत ॲल्युमिनियम, मशीनिंग आणि स्वतःचे टूलरूम यात पैसा घातला तो टिकेल. ज्याने तो प्लॉटमध्ये घातला त्याच्याबद्दल मला खात्री नाही.

विजेचा मुद्दा वेगळा मांडतो, कारण इथे धोरण आणि कारखाना थेट एकमेकांना भिडतात. एक टन बीड वितळवायला ढोबळ मानाने सहाशे युनिट वीज लागते. शेजारच्या राज्यात युनिट एक रुपयाने स्वस्त असेल तर टनामागे सहाशे रुपयांचा फरक. महिन्याला ३०० टन ओतणाऱ्या फाउंड्रीला तो महिन्याला १ लाख ८० हजार आणि वर्षाला २१ लाख ६० हजार पडतो. किलोवर माल विकणाऱ्याच्या नफ्यातून एवढे गेले तर नवी मशीन कशातून घ्यायची? कागलच्या पुढे काही किलोमीटरवर कर्नाटक लागते आणि बेळगावलाही ओतकामाचा जुना धंदा आहे. कर्नाटकात जाऊ, हा इशारा इथल्या उद्योजकांनी वेळोवेळी दिला तो रागाच्या भरात दिलेला नव्हता, त्यामागे हा हिशेब होता.

विकसित असल्याचा शिक्का

महाराष्ट्रात प्रादेशिक असमतोलाचा विचार दोनदा मोठ्या प्रमाणावर झाला. १९८३ मध्ये दांडेकर समिती नेमली गेली आणि तिने अनुशेष, म्हणजे विकासात मागे राहिलेली तूट, मोजला. २०११ मध्ये केळकर समिती नेमली गेली, तिचा अहवाल २०१३ मध्ये आला. वैधानिक विकास मंडळे विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी झाली. कोल्हापूर उर्वरित महाराष्ट्रात, म्हणजे मुंबई आणि पुण्याच्या रांगेत. २०१६ मध्ये राज्याने विदर्भ, मराठवाडा आणि उत्तर महाराष्ट्रातल्या उद्योगांना वीजदरात सवलत दिली, तेव्हा कोल्हापूर या तिन्ही प्रदेशांबाहेर होते.

विदर्भ-मराठवाड्याला मिळाले ते चुकले असे मी अजिबात म्हणणार नाही. तिथला अनुशेष खरा आहे आणि त्यात पाण्याचा अनुशेष तर जीवघेणा आहे. माझा आक्षेप मोजमापावर आहे. प्रदेश म्हणून सरासरी काढली की पुण्याच्या आकड्यात कोल्हापूर झाकले जाते, आणि कोल्हापूर शहराच्या आकड्यात शाहूवाडी, चंदगड झाकले जातात.

अर्थशास्त्रात एक आशादायी मत आहे की देशांतर्गत मागे असलेले प्रदेश हळूहळू पुढच्यांना गाठतात. बॅरो आणि साला-इ-मार्टिन या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतली राज्ये, जपानचे प्रांत आणि युरोपातले प्रदेश तपासून काढलेला वेग वर्षाला दोन टक्क्यांच्या आसपास होता. या गतीने निम्मी दरी भरायला साधारण पस्तीस वर्षे लागतात. म्हणजे जिथे हे घडते तिथेसुद्धा एक अख्खी पिढी जाते. भारतात तर उलटे दिसले. केंद्र सरकारच्या २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीने राज्याराज्यांतली दरी वाढत असल्याचे स्पष्ट नोंदवले. अर्थतज्ज्ञ गुन्नार मिर्डालने १९५७ मध्येच सांगितले होते की वाढते केंद्र आजूबाजूची माणसे, भांडवल आणि कौशल्य ओढून घेते. त्यातून परत येणारा फायदा तुटपुंजा असतो. पुणे आणि कोल्हापूर यांचे नाते तपासताना मला हे मत जास्त लागू वाटते. पुण्याच्या कंपन्यांनी इथल्या फाउंड्रीला काम दिले हे खरे. पण त्या कामाला लागणारा इंजिनिअर इथे शिकून तिकडे गेला. शिवाजी विद्यापीठ १९६२ चे, इचलकरंजीची डीकेटीई ही वस्त्रोद्योग-अभियांत्रिकीची संस्था १९८२ ची, शिवाय कितीतरी अभियांत्रिकी महाविद्यालये. मुले आम्ही घडवतो, पगार दुसरीकडून मिळतो.

शहर लहान ठेवल्याची किंमत

महापालिका १९७२ मध्ये झाली. शहराची हद्द मात्र तेव्हापासून तेवढीच, ६६.८२ चौरस किलोमीटर. पन्नास वर्षांत वस्ती हद्दीबाहेर गेली, मोठ्या औद्योगिक वसाहती तर हद्दीबाहेरच आहेत. शिरोली आणि गोकुळ शिरगाव ग्रामपंचायतींच्या भागात. २०१७ मध्ये आजूबाजूच्या ४२ गावांच्या नियोजनासाठी प्राधिकरण नेमले, पण त्याला ना पुरेसा पैसा मिळाला ना माणसे.

हद्दवाढीला विरोध करणाऱ्या गावांना आडमुठे म्हणणे सोपे आहे. मला ते पटत नाही. घरफाळा वाढेल, शेतीवर आरक्षणे पडतील आणि बदल्यात गटार-रस्तेसुद्धा मिळणार नाहीत ही त्यांची भीती शहरातल्या उपनगरांची अवस्था बघूनच आली आहे. काळम्मावाडी धरणावरून टाकलेल्या थेट पाइपलाइनचे पाणी शहरात यायला २०२३ ची दिवाळी लागली. मग पुढच्या गावाने कशावर विश्वास ठेवायचा? तरीही हद्द वाढली पाहिजे या मताचा मी आहे. आयटी किंवा सेवाक्षेत्रातली कंपनी जागा बघायला येते तेव्हा तिला वीज, पाणी, बस, सांडपाणी आणि बांधकाम परवाना एकाच ठिकाणी हवा असतो. इथे तिला चार कार्यालये आणि तीन गावांचे सरपंच भेटतात. क्रम मात्र उलटा करावा लागेल: आधी सेवा द्या, त्यासाठी राज्याने पाच-सात वर्षांचा निधी बांधून द्यावा, कर टप्प्याटप्प्याने लावा.

चांगल्या घडामोडी नाहीत असे नाही. १९३९ चा उजळाईवाडीचा विमानतळ अनेक वर्षे नावापुरता होता, तिथे मार्च २०२४ मध्ये नवी टर्मिनल इमारत सुरू झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात आले, सहा जिल्ह्यांसाठी. कित्येक वर्षांच्या आंदोलनाचे हे यश आहे. वकील, टंकलेखक, हॉटेले, भाड्याची घरे, सगळ्यांना काम मिळेल. शिकलेल्या माणसाला गावात राहण्याचे एक कारण मिळणे, याचा हिशेब नुसत्या रुपयांत होत नाही.

कोकण रेल्वेला जोडणाऱ्या कोल्हापूर-वैभववाडी मार्गाचे मात्र अजून काही झालेले नाही. २०१६-१७ च्या रेल्वे अर्थसंकल्पात आलेला सुमारे १०७ किलोमीटरचा हा मार्ग झाला तर फाउंड्रीचा माल कोकणातल्या बंदरांकडे घाटातल्या ट्रकशिवाय जाऊ शकतो. १८९१ पासून कोल्हापूर हे रेल्वेचे शेवटचे स्टेशन आहे. शेवटचे स्टेशन असलेल्या गावाला व्यापार मिळतो, पण पुढे जाणारी वाहतूक मिळत नाही.

पाणी, पुन्हा

ज्या पाण्याने जिल्हा उभा केला तेच आता तीन बाजूंनी अडचण होत आहे.

पहिली बाजू पुराची. पंचगंगेची धोका पातळी राजाराम बंधाऱ्याजवळ ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले, आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला. दोन्ही वेळा शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद पडला. मुंबईकडे जाणारे दूध अडकले, कास्टिंगचे ट्रक उभे राहिले. बाहेरच्या मोटार कंपनीला रोजच्या रोज माल लागतो. तिच्या खरेदी विभागात असा पुरवठादार धोक्याच्या यादीत जातो आणि पुढची ऑर्डर दोन ठिकाणी विभागली जाते. हे नुकसान कुठल्याच पंचनाम्यात येत नाही. महामार्गाचा भराव काढून तिथे पिलरचा पूल करा ही मागणी म्हणूनच नुसती पूरग्रस्तांची समजू नये, ती औद्योगिक मागणी आहे.

दुसरी बाजू शिरोळ तालुक्याची. पाटपाणी आणि उसाचा अतिरेक यांनी तिथली हजारो एकर जमीन क्षारपड झाली. शिरोळच्या दत्त कारखान्याच्या पुढाकाराने जमिनीखालून सच्छिद्र पाइप टाकून खारे पाणी बाहेर काढण्याचे काम झाले आणि पडीक रानात पुन्हा पीक उभे राहिले. खर्च शेतकऱ्यांनी मिळून उचलला. सहकाराची जुनी ताकद अजून शिल्लक आहे याचा यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही.

तिसरी बाजू इचलकरंजीची. १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग लागलेले हे शहर २०२२ मध्ये महापालिका झाले, पण प्यायचे पाणी अजून पुरेसे नाही. पंचगंगा सांडपाण्याने आणि कापडावरच्या प्रक्रियेच्या रसायनाने नासली, म्हणून दूधगंगेतून सुळकूडची योजना आखली. दूधगंगाकाठच्या शेतकऱ्यांनी ती अडवली, कारण त्यांचे पाणी जाईल. दोघांचेही बरोबर आहे, आणि नदी स्वच्छ करणे हे सोडून केलेला कुठलाही तोडगा हे भांडण फक्त एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात नेतो.

या सगळ्यात पश्चिमेचे तालुके कुठेच नाहीत. धरणे राधानगरी, भुदरगड, शाहूवाडी, गगनबावड्याच्या डोंगरात. ऊस आणि कारखाने बहुतांश पूर्वेला. आजरा, चंदगड, गडहिंग्लजची माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली, गिरण्या बंद पडल्यावर परत आली, आता त्यांची नातवंडे पुण्या-बंगळूरला जातात. चंदगडचा काजू आहे, आजऱ्याच्या घनसाळ तांदळाला भौगोलिक मानांकन आहे, पण त्यावर प्रक्रिया करून विकणारी गोकुळच्या तोडीची संस्था उभी राहिलेली नाही. जिल्ह्याच्या पुढच्या वाढीला जागा शिल्लक असेल तर ती इथे आहे, असे माझे मत आहे. सहकाराची तीच पद्धत, तोच दहा दिवसांच्या पैशाचा नियम काजूला आणि तांदळाला लावता येतो का, हे करून बघितले पाहिजे.

अर्थव्यवस्था वर्षाला पाच टक्क्यांनी वाढली तर तीस वर्षांत साधारण सव्वाचार पट होते, सात टक्क्यांनी वाढली तर साडेसात पट. दोन टक्क्यांचा हा फरक कुठल्या एका मोठ्या प्रकल्पाने येणार नाही. तो येईल मशीनिंग इथे होण्याने, महामार्ग पावसाळ्यात चालू राहण्याने, वैभववाडीला गाडी जाण्याने आणि इथला इंजिनिअर इथे राहण्याने. यातली पहिली गोष्ट कारखानदाराच्या हातात आहे, मधल्या दोन सरकारच्या. चौथी मात्र या तिन्हींवर आणि त्या न वाढलेल्या शहरावर अवलंबून आहे.

२०२७ च्या जनगणनेचे तालुकावार आकडे येतील तेव्हा जिल्ह्याच्या एकूण आकड्यापाशी थांबू नये. करवीर आणि हातकणंगले वाढलेले दिसतीलच. शाहूवाडी, भुदरगड, आजरा आणि चंदगडमधल्या पंचवीस ते चाळीस वयाच्या माणसांची संख्या आधी काढावी आणि ती २०११ शेजारी ठेवून वाचावी.